अक्का, तुमची वेगळी चूल

अक्का, काल तुमचं तेरावं झालं. एवढी माणसं जेवायला आली की आमटी दोनदा वाढवावी लागली. ज्यांनी तुमच्या पडवीत कधी घोटभर पाणी प्यायलं नाही, त्यांनी काल पोटभर लाडू हाणले आणि वर ‘बाई गुणाची होती’ म्हणून ढेकर दिला. तुम्ही असता तर पदराआड हसून मला कोपर मारलं असतं. मला हसू आलं नाही, राग आला. पण बोलले नाही. ‘धाकटीचा राग नाकाच्या शेंड्यावर, आन् हिंमत टाचंखाली’ हे माझ्याबद्दल तुम्हीच म्हणायचात ना?

अंगणवाडीच्या जुन्या वहीत कोरी पानं उरली होती, त्यांवर लिहितेय. तुम्हाला वाचता येत नव्हतं, पण मी काही वाचून दाखवायला लागले की म्हणायचात, “अक्षराचं र्‍हाऊ दे, तुझ्या तोंडावरनं कळतंय मला.” आता तोंड बघायला तुम्ही नाही, तेव्हा सगळं नीट लिहावं लागणार. चौदा वर्षं एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही. तुम्हाला ती माहीत होती, मला माहीत होतं की तुम्हाला माहीत आहे, तरी दोघींनी तोंड उघडलं नाही. ती आज सांगते.

मी लग्न होऊन आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. दहावी पास म्हणून माहेरी केवढा तोरा! तुम्ही थोरल्या जाऊबाई, घरात सात-आठ वर्षं मुरलेल्या. तुमचा दत्ता तेव्हा चारेक वर्षांचा. मीठ कुठं, तिखट कुठं, बाजरीचं पीठ कुठल्या डब्यात, सगळं तुम्ही पहिल्याच दिवशी दाखवलंत. एकच गोष्ट दाखवली नाहीत. ती सासूबाईंनी, म्हणजे आपल्या आत्याबाईंनी दाखवली.

पाचव्या की सहाव्या दिवशी मोठे भाऊजी शिरूरच्या बाजारातून आले आणि जेवायला बसले. कालवणात मीठ जास्त झालं होतं. मीठ मी टाकलं होतं, अक्का. नवी नवरी, अंदाज चुकला, पडली मूठभर. भाऊजींनी ताट भिंतीवर फेकलं आणि तुमच्याकडं वळले, आणि घरातली सगळी माणसं एकदम उठली. मला वाटलं, थांबवायला उठली. कसलं काय! प्रत्येकाचं काम ठरलेलं होतं. सासरे चपला घालून पाराकडं निघाले. आमचे हे बैलांना पाणी पाजायला गेले, बैल तर नुकतेच पाणी पिऊन बसलेले. आत्याबाईंनी रेडिओ मोठा केला आणि मला म्हणाल्या, “धाकटे, पोराला घिऊन भायेर हो, आन् दाराला कडी लाव. रस्त्यानं मान्सं जात्यात.”

मी दत्ताला कडेवर घेतलं, बाहेर आले आणि कडी लावली. दाराकडं पाठ करून उभी राहिले. रेडिओवर कांद्यावरच्या किडीची माहिती चालली होती. तिच्या मधूनमधून तुमचा आवाज यायचा. तुम्ही ओरडत नव्हता. जड पाटी डोक्यावर घेताना बाई जसं ‘हं’ करते, तेवढाच. दत्ता माझ्या कानातल्या रिंगेशी खेळत होता.

त्या दिवसापासून ते काम माझ्याकडं आलं. भाकरी तुमच्याकडं, भांडी माझ्याकडं. सरपण तुमच्याकडं, कडी माझ्याकडं. पुढं पुढं तर आत्याबाईंना सांगावंही लागत नव्हतं. भाऊजींचा आवाज चढला की मी हात पुसत उठायचे.

मधल्या काळात तुम्ही दोनदा माहेरी गेलात. तुमचं माहेर इनामगावच्या बाजूला, भाऊ दौंडला कामाला. दोन्ही वेळा त्यानं तुम्हाला एस्टीनं परत आणून सोडलं, पिशवीत एक नवं पातळ आणि साखर घेऊन. “सांभाळून घ्या दाजी,” म्हणून भाऊजींच्या पाया पडला. तुम्ही त्याला चहा केलात, शेंगदाण्याचे दोन लाडूही बांधून दिलेत. तो गेल्यावर साखर डब्यात ओतता ओतता मला म्हणालात, “माह्यारची वाट दोन बारी चालून बघितली गं. पुढं रस्ताच न्हाई.” मी डब्याचं झाकण धरून उभी होते. मी आपली म्हणाले, “साखर बारीक आहे नाही?” वा रे दहावी पास!

सासरे गेले आणि वर्षभरात घरात वाटणी निघाली. थोरले भाऊजी एक आणि आमचे हे एक, असे दोन भाऊ वेगळे निघायचे ठरले. तुम्हाला रीत सांगायची गरज नाही, पण हे उद्या दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं तर कळायला हवं म्हणून लिहिते. आपल्या भावकीत वाटणीला थोरला माणूस मधे बसतो. आपल्यात ते आप्पा, सासऱ्यांचे चुलतभाऊ. जमीन, बैल, घराच्या खोल्या, पार उखळापर्यंत सगळ्याचं नाव घेऊन झालं की आप्पा विचारतात, “कुनाचं काय र्‍हायलंय का? र्‍हायलं आसंल तर आत्ता बोला, मागनं कुरकुर न्हाई चालायची.” असं तीनदा विचारतात. मग गूळ वाटायचा. तलाठ्याचा कागद पुढं कधीतरी होतो, पण भावकीचा कागद म्हणजे गूळ. तो तोंडात गेला की वाटणी पक्की. गूळ खाऊन जो फिरला, त्याच्या घरच्या लग्नालाही कुणी जात नाही आणि मयतालाही.

सकाळची दहाची वेळ असेल. पुरुष ओट्यावर, आपण बायका दाराआड. आप्पांनी एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायला त्यांनी तोंड उघडलं आणि माझ्याशेजारून तुम्ही उठलात, पदर सारखा केलात आणि उंबरा ओलांडून बाहेर गेलात.

“माझं र्‍हायलंय, आप्पा.”

मला वाटलं, एखादं पातेलं-बितेलं मागत असतील.

“बोल की पोरी.”

“मलाबी येगळं काढा.”

“आगं, काढलंच की. तुझ्या नवऱ्याची वाटनी झाली, म्हंजी तुझी झाली.”

“ह्यांच्यासंगं न्हवं. ह्यांच्यापास्नं.”

अक्का, पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. मग कळलं, आणि असा हशा पिकला की ओट्यावरच्या कोंबड्या उडाल्या. भाऊजी तंबाखू मळत होते, त्यांचा अंगठा तसाच थांबला. आप्पा डोळे पुसत म्हणाले, “का गं बाई? कारन काय?”

तुम्ही म्हणालात, “आत्ता दोन भाऊ येगळं निघालं. तुमी त्यांना कारन इचारलं न्हाई. ‘पटत न्हाई’ म्हनलं, तेवढ्यावर भागलं. माझंबी पटत न्हाई.”

हे वाक्य मी आजवर किती वेळा मनात म्हणून बघितलंय! भांडी घासताना, अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढताना, बसमध्ये. माझ्या तोंडी ते बसतच नाही. मी असते तर रडले असते, शिव्या दिल्या असत्या, पाठीवरचे वळ दाखवले असते. तुम्ही काहीच केलं नाहीत. वळ होते, आदल्या दिवशीचेच होते, पदराखाली होते. तुम्ही दया मागायला आलाच नव्हता. भावाला जे मिळतं ते मागत होता, भावाच्याच शब्दांत. हे सुचलं कसं हो तुम्हाला?

हशा विरला. आप्पांचा चेहरा जरा बदलला. “मारतो का ह्यो तुला?”

“मी सांगून काय उपेग? घरातल्या मान्सांना इचारा.”

आप्पांनी नजर फिरवली. आत्याबाई आढ्याकडं बघायला लागल्या. आमचे हे पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत बसले. मग आप्पा दाराकडं वळले. “धाकटे, तू शिकलेली हायस. तू बघितलंस का ह्याला मारताना?”

सगळी भावकी माझ्या दिशेनं बघत होती. भाऊजी बघत होते. आणि तुम्हीही मान वळवलीत. माझ्या तोंडून शब्द गेले, “न्हाई. म्या कवा बघितलं न्हाई.”

खोटं नव्हतं, अक्का. तीच तर मेख आहे. मी खरंच कधी पाहिलं नव्हतं. पाहणार कशी? मी बाहेर असायचे. कडी लावून, दाराकडं पाठ करून. चार वर्षं मी एकदाही पाहिलं नाही आणि एकदाही ऐकायची चुकले नाही. आप्पांनी ‘ऐकलंस का’ असं विचारलं नाही आणि मी तेवढ्या फटीतून निसटले.

त्या संध्याकाळी तुम्ही मला एवढंच म्हणालात, “खरंच बोललीस की गं. तू भायेरच आसायचीस.” तो टोमणा होता की तुम्ही मला सोडून दिलंत, ते मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायची हिंमत? ती टाचेखाली.

पण ते संध्याकाळी. त्या आधी जे झालं त्याला तोड नाही. माझं उत्तर ऐकून आप्पा सुटले. साक्षीदारच नाही म्हटल्यावर त्यांना थट्टा सुचली. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, “बरं बाई, तुझ्या मनासारकं हुंदे! दिली तुला मेंढरांची पडवी, आन् वढ्यातलं तीन धोंडं. झालीस येगळी? आता जा, च्या ठेव.”

पुन्हा हशा. आपल्या घरात पूर्वी मेंढरं होती, तेव्हाची ती पडवी. मेंढरं विकून शेती धरली तेव्हापासून ती मोकळीच होती, मोडका नांगर आणि कोंबड्यांची अंडी एवढंच तिथं असायचं. तुम्ही आत आलात. सगळ्यांना वाटलं, चहा ठेवायला गेली. तुम्ही फोडून ठेवलेल्या गुळाचं ताट उचललंत, पुन्हा बाहेर गेलात आणि आप्पांच्या हातावर खडा ठेवून म्हणालात, “ह्यो माझ्या वाटनीचा, आप्पा.” आप्पा म्हणाले, “व्हय व्हय, तुझ्याच वाटनीचा,” आणि हसत तोंडात टाकला. तुम्ही पाया पडलात. मग पुढच्याच्या हातावर, मग त्याच्या पुढच्याच्या. एकेकाच्या पाया पडत गेलात आणि एकेक जण खिदळत गूळ चघळत गेला. काहींनी तर दुसरा खडा मागून घेतला! भाऊजींच्याही हातावर ठेवलात. चारचौघांत थट्टा न समजणारा दिसू नये म्हणून त्यांनीही खाल्ला. दाराच्या फटीतून मी बघत होते. ओट्यावरच्या एकाही शहाण्याला कळलं नव्हतं की काय चाललंय. मला कळलं होतं, आणि तुम्हाला.

दुपारी तुम्ही ओढ्यातून तीन धोंडे आणलेत, डोक्यावरून, एकेक करून, तीन फेऱ्या. पडवी झाडलीत, सारवलीत, चूल मांडलीत.

यामागचं तुम्ही मला पुढं कधीतरी सांगितलंत, आपण दोघी शेवंती तोडायला जात होतो तेव्हा. तुमची आई मेंढरांमागं फिरलेली. रोज नवं रान, रोज तीन नवे धोंडे, आणि धोंडे मांडले की ते घर. आणि तुम्ही पोरसवदा असताना इनामगावला शिकलेली माणसं जमीन उकरायला आली होती. तुम्ही तिथं मातीच्या पाट्या वाहायला जायचात. एकदा खड्ड्यात काळी पडलेली माती आणि राख निघाली, तेव्हा त्यांच्यातल्या एकानं तुम्हा बायकांना बोलावून सांगितलं, ही हजारो वर्षांपूर्वीची चूल आहे. तुम्ही पाटी खाली ठेवून वाकून बघितलंत. मला म्हणालात, “भित्ताड न्हवतं गं, छप्पर न्हवतं, नवरा न्हवता का सासू न्हवती. चूल मातुर हुती. त्यावरनं ती मान्सं म्हनली, हितं घर हुतं.” मी दहावीपर्यंत इतिहास शिकले अक्का, धडेच्या धडे पाठ केले. मला नाही कळलं घर कशाला म्हणतात ते.

भाऊजींनी पहिल्या संध्याकाळी चूल लाथेनं उडवली. तुम्ही पुन्हा मांडलीत. दुसऱ्या संध्याकाळी उडवली, पुन्हा मांडलीत. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यातलाच एक धोंडा डोक्यावर घेऊन तुम्ही भर गावातून आप्पांच्या अंगणात गेलात आणि त्यांच्यापुढं ठेवलात. मी दळण आणायचं निमित्त काढून मागं आले होते.

“आप्पा, भावकीतल्या मान्सानं माझं घर पाडलं. दोन बारी.”

“आगं येडी का खुळी तू? ती थट्टा हुती.”

“आन् गूळ? त्योबी थट्टेतच खाल्ला का?”

तेवढ्यात आतून त्यांची बायको म्हणाली, “खाल्ला की! घरी यिऊन सांगत हुते, ग्वाड हुता म्हनून.” आप्पांनी आत बघून असे डोळे वटारले! “बघू, बघू,” म्हणून त्यांनी तुम्हाला लावून दिलं.

त्या संध्याकाळी भाऊजी तिसऱ्यांदा आले. चूल पेटलेली होती. रागाच्या भरात माणसाला कुठलं सुधरतंय? लाथ घातली ती निखाऱ्यातच. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा काठी टेकत आले तेव्हा भाऊजी पायाला तेल लावून बसलेले. विंचू चावला म्हणाले. आप्पांनी पडवीकडं बघितलं, पायाकडं बघितलं आणि म्हणाले, “दुसऱ्याच्या चुलीत पाय घातला की भाजनारच. नीट ऐक. म्या गूळ खाल्लाय. तूबी खाल्लास. ती आता येगळ्या चुलीची हाय. हितनं फुडं तिच्या चुलीला न्हाई तर अंगाला हात लावलास, तर त्ये नवराबायकूचं न्हाई, दोन घरांचं भांडान. भावकी बसवावी लागंल.”

त्यांना तुमची दया आली नव्हती, अक्का. त्यांना आपल्या गुळाची लाज वाटली. नवऱ्यानं बायकोला मारलं तर ते ‘घरातलं’, त्यात भावकी बोलत नाही. दोन घरांचं म्हटलं की बोलावंच लागतं. एवढीच त्यांची अक्कल. पण त्या अक्कलेचं कुलूप कुठल्या किल्लीनं उघडतं, ते तुम्ही ओळखलंत. तालुक्याला न जाता, कुणाच्या पाया न पडता, म्हणजे पाया पडतच, गूळ वाटत. मी आजही विचार करते आणि थक्क होते. भाऊजींनी त्यानंतर तुमच्यावर हात टाकला नाही. चौदा वर्षं. एकाच अंगणात राहून.

सोपं नव्हतं ते. लोक ‘अर्धी सवाष्ण’ म्हणायचे, हळदीकुंकवाला बोलावताना अडखळायचे. आत्याबाई मरेपर्यंत तुमच्या हातचं पाणी प्यायल्या नाहीत. तुम्ही दुसऱ्यांच्या रानात कांदे काढलेत, शेवंती तोडलीत, दोन शेळ्यांच्या चार केल्यात. दत्ताला शिकवलंत, तो शिक्रापूरकडं कंपनीत लागला, खोली घेऊन राहायला लागला. तुम्ही चांगल्या जाडजूड झालात. हे मी मुद्दाम लिहितेय. मार बंद झाल्यावर तुमच्या अंगाला मांस धरलं आणि आवाज केवढा मोठा झाला! माझ्या घरातून ऐकू यायचा. पहिली चार वर्षं मला तुमचा खरा आवाज माहीतच नव्हता.

आणि ती दुपार. दत्ता बाराएक वर्षांचा होता तेव्हाची. आमच्या ह्यांचा आणि माझा अंगणवाडीच्या नोकरीवरून वाद झाला आणि ह्यांनी हात उगारला. उगारला काय, पडलाच एक. दुसरा पडायच्या आत मी पळत सुटले ती थेट तुमच्या पडवीत. तुम्ही तांदूळ निवडत होता. माझ्या गालाकडं बघितलंत, सूप खाली ठेवलंत आणि म्हणालात, “आत बस. आन् कडी आतनं लाव.”

आतून. अक्का, चार वर्षं मी कडी बाहेरून लावली होती. मी कडी लावली, दाराला पाठ लावून खाली बसले. बाहेर तुम्ही उभ्या होता, चुलीतलं अर्धं जळकं लाकूड हातात घेऊन. ह्यांना म्हणालात, “भावजी, माझ्या घरी पाव्हनी आलीया. तुमी सांच्याला या, तुमचाबी च्या करते.” हे गेले. संध्याकाळी खरोखर आले, खाली मान घालून तुमच्यापुढं चहा प्यायले. पुन्हा कधी त्यांचा हात उठला नाही. कधी कधी वाटतं, त्यांना ते लाकूड आठवत असावं. मला मात्र दाराबाहेर उभ्या असलेल्या तुम्ही आठवता. मीही दाराबाहेरच उभी राहायचे. दोघींत फरक केवढा!

एक भांडण आपलं अर्धंच राहिलं. आत्याबाई गेल्यावर भाऊजींच्या जेवणाचे हाल व्हायला लागले, आणि तुम्ही रोज दोन भाकऱ्या त्यांच्या उंबऱ्यावर ठेवायला सुरुवात केलीत. मी तुमच्याशी आठ दिवस बोलले नाही. ज्यानं तुमचं कंबरडं मोडलं त्याला भाकरी? तुम्ही म्हणालात, “शेजारी उपाशी आसला तर आपुन देत न्हाई का?” मी म्हणाले, “शेजारी कसला मेला, नवराच आहे तो.” तेव्हा तुम्ही हसलात आणि म्हणालात, “तेच तर. नवरा म्हनून करत हुते तवा हात कापायचा. शेजारी म्हनून करते, आता कापत न्हाई.” मी म्हणाले, मला पटत नाही. तुम्ही म्हणालात, “मग निघ येगळी.” आणि दोघी हसत सुटलो. पण मला अजूनही पटलेलं नाही, हे नोंदवून ठेवते. तुमच्या जागी मी असते तर भाकरीत माती कालवली असती.

त्या दिवशी सकाळी तुम्ही नेहमीसारख्या भाकऱ्या थापल्यात, निखाऱ्यांवर राख ओढलीत आणि शेवंती तोडायला गेलात. ओंजळभर फुलं तोडून झाली आणि छातीत कळ आली म्हणून बांधावर बसलात. जीपमध्ये घालून शिरूरला नेलं. वाटेतच तुम्ही गेलात, माझ्या मांडीवर. ओच्यातली फुलं तशीच होती.

दत्ता दुपारी शिक्रापूरहून आला. ताटी बांधून झाली, मडकं आणलं. घरच्या चुलीचा विस्तव मडक्यात घेऊन मुलानं पुढं चालायचं. दत्ता मडकं हातात घेऊन अंगणात उभा राहिला आणि म्हणाला, “आप्पा, इस्तू कुठला घिऊ?”

एकीकडं भाऊजींचं घर, एकीकडं पडवी. आप्पा आता नव्वदीला टेकलेत, ऐकू कमी येतं, पण हे ऐकू आलं. म्हणाले, “नवऱ्याच्या घरचा. सवाष्ण गेलीया. आता मेल्यावर कसलं येगळं?” कुणीतरी म्हणालं, तिथं तर गॅस आहे, चूल नाही. तर आप्पा म्हणाले, गोवरी गॅसवर पेटवून घ्या. आणि एक जण खरंच गोवरी घेऊन निघाला! चौदा वर्षं जपलेली चूल दहा पावलांवर, आणि तुम्हाला गॅसच्या गोवरीनं भाऊजींच्या घरात परत नांदायला घालत होते.

तेव्हा माझं तोंड उघडलं. हिंमत टाचेखालून कशी वर आली, मला माहीत नाही. बायकांतून उठून मी ताटीजवळ आले आणि मोठ्यानं म्हणाले, बहिऱ्यालाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, “आप्पा, तुम्ही गूळ खाल्लाय.”

आप्पांनी डोळे बारीक करून माझ्याकडं बघितलं.

“आन् तवा तुमी मला इचारलं हुतं, भाऊजींना मारताना बघितलं का. म्या न्हाई म्हनलं. न्हाईच बघितलं, कारन दाराला भायेरनं कडी मी लावत हुते. चार वर्सं मीच लावली. ऐकलं मातुर सगळं. एकूनएक ऐकलं. त्यांनी मारलं, आन् मी दार धरलं. आता ह्या बाईला तिच्या घरातनं जाऊ द्या.”

आमचे हे खाली बघत होते. भाऊजी पडवीच्या वाटेवरच बसले होते, पाय पसरून. शेवटी आप्पा म्हणाले, “गूळ खाल्लाय खरा. घे पोरा, तिच्याच चुलीचा घे.” भाऊजींनी पाय आखडून घेतला आणि दत्ता आत गेला. मीही गेले. तुमच्या चुलीतली राख बाजूला केली तर खाली निखारे लाल होते. सकाळपासून तुमची वाट बघत होते बिचारे.

झालं, सांगून टाकलं. तुमच्यासमोर सांगितलं, पण तुम्ही ऐकलंत की नाही कोण जाणे. उशीर झाला, अक्का. चौदा वर्षं रोज तुमच्या चुलीवरचा चहा प्यायले आणि एका वाक्याला मेल्यावर मुहूर्त लागला. माफी मागत नाही. तुम्ही लगेच ‘च्या घे’ म्हणून मोडता घातला असता.

आज सकाळी सगळे पाहुणे गेल्यावर मी पक्कड आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन भाऊजींच्या घराच्या त्याच दाराशी बसले. कडी गंजलेली, स्क्रू हलता हलेनात. भाऊजी आतून बघत होते. आमचे हे आले. “काय करतीस?” म्हणाले. मी म्हणाले, “भायेरची कडी काढतीय.” ते थोडा वेळ उभे राहिले. मग खाली बसले आणि हलू नये म्हणून दार दोन्ही हातांनी धरलं. अर्धा तास लागला. निघाली एकदाची.

आता त्या दाराला कडी आहे, अक्का, पण फक्त आतून.